हौसेचा परवाना

बंदुकीचा परवाना भ्यायलेल्या माणसालाच मिळतो, अशी आमच्या मोहाडीत सगळ्यांची पक्की समजूत होती. कोणाला दुश्मनाचं भय, कोणाला धानात शिरणाऱ्या डुकरांचं, कोणाला दुकानातल्या गल्ल्याचं. अर्जात आपलं भय लिहायचं, जरा मीठमसाला लावूनच लिहायचं, आणि वाट पाहत बसायचं. आमच्या शेजारच्या सिस्टरबाईंची पंचाईत अशी की त्या कोणालाच भीत नव्हत्या, आणि खोटं लिहायला सांगितलं की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची.

सिस्टरबाई म्हणजे सुलोचना गणवीर. करडीच्या दवाखान्यात नर्स होत्या, तिथूनच रिटायर झाल्या. त्यांचं नाव सुलोचना आहे हे निम्म्या तालुक्याला ठाऊकच नव्हतं. आसपासच्या गावांतली एक अख्खी पिढी त्यांच्या हातावर जन्माला आली आणि त्यांच्या सुईला घाबरून मोठी झाली. मी शिवणकाम करते. माझं मशीन ओसरीत, आणि ओसरी त्यांच्या अंगणाला लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. त्यांच्याकडे कोण आलं, काय बोललं, मला आपोआप कळायचं. मी काही कान देऊन ऐकत नव्हते हो. पण मशीन थांबवलं की ऐकू यायचंच, त्याला मी काय करू?

त्यांना एक सवय होती. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायचं. प्रेमानं नाही, नाडी पाहायला. इतक्या वर्षांच्या नोकरीचा हाताला लागलेला चाळा. पण ती नाडी फार घातक. त्यांच्या पोराच्या लग्नात नेसायचं लुगडं मला आवडलं नव्हतं, तरी मी तोंडभर "मस्त हाये" म्हटलं, तर मनगट धरून म्हणाल्या, "वंदना, नाडी पळून राहिली तुई. खरं सांग." मग मी खरं सांगितलं. मग त्यांनी लुगडं बदललं. माझ्यावर रागावल्या नाहीत, पण दुकानदारावर मात्र चांगल्याच रागावल्या.

दुसरी सवय म्हणजे "श्वास सोड" म्हणण्याची. बाळंतीण कळा देत असो, पोरगं सुई पाहून किंचाळत असो, की मी सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करून बसलेली असो, त्यांचं एकच. "श्वास सोड बाई. धरून कोणाचं भलं झालं?"

त्यांचे यजमान फौजीसाहेब. पलटणीतून निवृत्त होऊन आले तेव्हा पेन्शन आणली, आणि एक हौस आणली. निशाणेबाजीची. त्यांनी पॉइंट बावीसची एक रायफल घेतली होती, रीतसर परवान्याची. लांब, जड, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. ती रायफल कशासाठी, तर पन्नास मीटरवरच्या कागदाला भोक पाडण्यासाठी. बस. नागपूरला एक रायफल क्लब आहे, तिथे दर रविवारी हे दोघं जात. फौजीसाहेब चटईवर पालथे पडून गोळ्या झाडत, आणि सिस्टरबाई मागे लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा डबा मांडीवर घेऊन तिपाईवरच्या दुर्बिणीतून गोळी कागदावर कितव्या गोलात लागली ते पाहून सांगत. "नवात. आठात, उजवीकडं. दहात, फौजी, दहात!" क्लबातले लोक त्यांना डब्बेवाली बाई म्हणायचे. वर्षानुवर्षं हे चाललं.

एकदा त्यांनी म्हणे म्हटलंही होतं, "मले एक निशाना लावून पाहू द्या ना." तर फौजीसाहेब हसून म्हणाले, "तुया हाती सुईच बरी." वाईट माणूस नव्हता हो तो. मला तर भावासारखा होता. पण काही गोष्टी हसण्यावारी नेल्या की त्या तिथेच राहतात. सिस्टरबाईंनी पुन्हा विचारलं नाही. दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाल्या, "लावा तुमी. मी पायतो."

एका हिवाळ्यात फौजीसाहेब गेले. सकाळी दाढी करायला आरसा खिडकीत ठेवला, आणि खाली बसले ते बसलेच. पुण्यानुमोदनाला अंगण भरून माणसं आली. चार दिवसांनी ठाण्यातून निरोप आला की ज्याच्या नावचा परवाना तो माणूस गेला, तर बंदूक घरात ठेवता येत नाही, जमा करा. सिस्टरबाईंनी रायफल स्वच्छ पुसली, तेलाचं बोट फिरवलं, जुन्या चादरीत गुंडाळली आणि स्वतः ठाण्यात नेऊन दिली. परत आल्या त्या रित्या हातानं, आणि पायरीवर बसून राहिल्या. नवरा नेला तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. त्या दिवशी रडल्या. मी भिंतीवरून उडी मारून गेले, या वयात.

त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीत. तो म्हणाला, "आई, विकून टाक. नागपूरच्या दुकानदाराला सांगतो, तो ठाण्यातून परस्पर घेऊन जाईल." सगळ्यांचं तेच म्हणणं. बाईमाणूस, वय झालेलं, एकटी राहणार, तिला बंदूक कशाला?

सिस्टरबाई चहा गाळत होत्या. गाळणी तशीच धरून म्हणाल्या, "बंदूक मले पायजे. माह्या नावानं."

प्रशांतनं आधी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच शिकवलं. "आई, लोक काय म्हणतील?"

"लोकायले मीच टोचलं हाये. काय म्हणतील?"

मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, तुम्ही समजवा तिला." मला समजवायची गरज नव्हती, मी खरोखरच भ्यायले होते. तोंडावर बोलले, "सिस्टरबाई, भिंतीपल्याड बंदूक ठेवाल त मले झोप येनार नाही."

"फौजी होते तवा कशी येत होती? घोरनं आयकू ये मले इथवर."

मी घरी येऊन मशीनवर राग काढला. एक पिको उसवावा लागला.

अर्ज करायची वेळ आली तेव्हा गावातल्या जाणत्यांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. एक म्हणाला, शेतीची राखण लिहा. सिस्टरबाईंची अर्धा एकर धानाची बांधी, तीही ठेक्यानं दिलेली. "राखन ठेकेवाला करते, मी नाही." दुसरा म्हणाला, मग जिवाला धोका लिहा, विधवा बाई एकटी राहते म्हणून. तेव्हा मात्र त्यांची शीर उडाली. "कोनापासून धोका लिवू? तुयापासून? अख्ख्या तालुक्यात माहा एक दुश्मन दाखव मले!" तो बिचारा चहा न पिता गेला. आणि अर्जात जिथे कारण विचारलं होतं तिथे सिस्टरबाईंनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, "निशाणेबाजीची हौस."

अर्ज गेला भंडाऱ्याला, आणि काही दिवसांनी कागद परत आला. कारण समाधानकारक नाही, खुलासा करावा. मी म्हटलं, झालं, आता तरी ऐकतील. कसलं काय! खुलासा म्हणून त्यांनी लिहिलं, "लहानपणापासून नाही, लग्नानंतर लागलेली हौस." आणि पाठवून दिला. मी कपाळावर हात मारून घेतला.

चौकशीला ठाण्यातून शिपाई आला तो करडीचा रवी. उंचापुरा, मिशा वळवलेला गडी. दारात उभा राहून त्यानं घसा साफ केला आणि "अर्जदाराची वर्तणूक" वगैरे बोलायला लागला. सिस्टरबाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"रवी ना तू? रामबाईचा? पोलिओच्या डोजाले माही बांगडी चावून फोडली होतीस."

रवीच्या मिशा खाली आल्या. "सिस्टरबाई, सरकारी काम हाये जी..."

"हाव ना, कर. कोन नाही मनते? आधी पानी पे. उन्हात आला."

मग तो शेजाऱ्यांचं म्हणणं घ्यायला माझ्याकडे आला. बाईंचा स्वभाव कसा, रागीट आहेत का, कोणाशी भांडण आहे का. मी मशीन थांबवलं. माझ्या एका शब्दानं बंदूक येणार की नाही ते ठरत होतं, आणि माझी तर मनातून इच्छा होती की येऊ नये. पण मला काय झालं कोण जाणे. बहुतेक भिंतीपलीकडून त्या माझी नाडी पाहत आहेत असं वाटलं असेल. मी म्हटलं, "रागीट हायेत. खोटं बोललं का रागावतेत. बाकी कशाले नाही." रवीनं मान खाली घालून तेच लिहिलं.

त्या वर्षी निवडणूक आली आणि आचारसंहिता लागली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आंबागडकडच्या, करडीकडच्या शेतकऱ्यांच्या ठासणीच्या बंदुका गठ्ठ्यानं ठाण्यात येऊन पडल्या. धानाला पाणी, तलाव तुडुंब, हवेत ओल. फौजीसाहेबांची रायफल आधीपासून तिथेच, आता त्या ढिगात. सिस्टरबाईंना घरात चैन पडेना. रायफलीला गंज चढेल या धास्तीनं त्या तेलाची बाटली आणि फडकं घेऊन ठाण्यात जाऊन बसू लागल्या. हात लावू देणार नाही, ठाण्यातले म्हणाले. "मी कुठं मनतो लावू द्या? तुमी लावा. मी सांगतो." मग रवी पुसे आणि या स्टुलावर बसून सांगत, "नळीत सरळ घाल. गोल नोको फिरवू. श्वास सोड."

आणि नेमका दसरा. ठाण्यात शस्त्रपूजा. सिस्टरबाई दरवर्षी त्या दिवशी दीक्षाभूमीला जात. पांढरी साडी नेसून, पिशवी खांद्याला लावून निघाल्या, आणि वाटेत पाहून जाऊ म्हणून ठाण्यात डोकावल्या. पाहतात तो काय! बंदुकांची ओळ मांडलेली, वर झेंडूच्या माळा, आणि रवी भक्तिभावानं एकेका नळीवर ओलं कुंकू लावतोय.

"अरे बापा, पानी! लोखंडाले ओलं लावून राहिला!"

ठाणेदारसाहेब धावत बाहेर आले. त्यांना वाटलं, बाई पूजेला विरोध करताहेत, आता काहीतरी तंटा होणार. सिस्टरबाई हात जोडून म्हणाल्या, "साहेब, पूजा तुमची, तुमी करा. माहं काई मननं नाही. फक्त कुंकू लाकडाले लावा, नळीले लावू नोका. उद्या गंजली त देवी थोडी येनार हाये पुसाले?" ठाणेदारसाहेबांना हसू फुटलं. कुंकू दस्त्याला लागलं. तेव्हापासून ठाण्यात कुंकू दस्त्यालाच लावतात, असं रवी सांगतो. सिस्टरबाई रवीकडून सगळ्या नळ्या पुसून घेऊन मगच नागपूरच्या बसमध्ये चढल्या.

मग भंडाऱ्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. सोबत मी गेले. साहेब तरुण, पश्चिमेकडचे, भाषा स्वच्छ. समोर फाइल.

"तुम्हाला कोणापासून धोका आहे का?"

"नाही जी."

"शेतात जनावरांचा त्रास?"

"असन जी. मी जात नाही."

"मग रायफल कशासाठी?"

"हौस हाये जी."

साहेबांनी चष्मा काढला. "आजी, या वयात?"

"वय फारमात लिवलं हाये साहेब. हौस लिवाले येगळी जागा नोहोती, मून कारणात लिवली."

मी पदर तोंडात कोंबला. साहेबांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस घाबरलेला असतो, नाहीतर तसं दाखवतो. नुसती आवड सांगायला कोणी येत नाही." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्या गावच्या एकाही जाणत्याला माहीत नव्हतं. अशा रायफलीसाठी भय दाखवावं लागतच नाही. निशाणेबाजीच्या सरावासाठी कायद्यात सोय आहे. पण माणूस मान्यताप्राप्त क्लबचा सभासद हवा, हत्यार हाताळायचं प्रशिक्षण घेतलेलं हवं, डॉक्टरचा दाखला हवा. "तुम्ही क्लबच्या सभासद आहात का?"

सिस्टरबाईंचा चेहरा उतरला. इतकी वर्षं दर रविवारी त्या क्लबात गेल्या, पण सभासद फौजीसाहेब. या डबा घेऊन जाणाऱ्या. "नाही जी," त्या हळूच म्हणाल्या. "मी पायत होतो फक्त."

"मग आता लावा. आणि या परत."

बाहेर येऊन त्या जिन्यावरच थांबल्या. मला वाटलं आता रडतील. तर म्हणाल्या, "वंदना, मले सलवार शिवून दे. साडीत पालथं पडता येत नाही."

आयुष्यभर पांढऱ्या साडीत वावरलेली बाई. राखाडी रंगाची सलवार-कमीज शिवली मी, खिसे मोठे. पहिल्या दिवशी ती घालून बस स्टँडवर निघाल्या तर अख्खी गल्ली दारात. त्यांनी मान काही वळवली नाही. मग एकदा सांगू लागल्या, निशाणेबाजीला जाड कोट लागतो, कोपर सोलतात नाहीतर, पण तयार कोट त्यांच्या मापाचा मिळतच नाही. क्लबातल्या एकाचा कोट नमुन्याला आणला. मी ट्रकवर टाकायच्या कॅनव्हासचा कोट शिवला, कोपरांना रेक्झिनचे ठिगळ, खांद्याला आत फोम. माझ्या मशीनच्या तीन सुया मोडल्या त्यात. आतापर्यंत शिवलेल्या सगळ्या लग्नाच्या ब्लाउजांपेक्षा मला त्या कोटाचा जास्त अभिमान आहे, हे सांगून टाकते.

दर रविवारी त्या एकट्याच बसनं जाऊ लागल्या. क्लबाच्या सभासद झाल्या, क्लबाच्याच रायफलीवर शिकल्या. परतल्या की भिंतीशी उभ्या राहून मला सगळं सांगत. "आज पाचात लागली," "आज कागदावरच नोहोती." मी विचारलं, वाईट वाटते का? म्हणाल्या, "अवो, सुई शिकलो तवा संत्र्याले टोचत होतो आमी. किती संत्रे फाडले! घाई केली का दुखते. सुई असो का बंदूक."

बातमी पसरायची ती पसरलीच. बाई बंदूक शिकून राहिली. झालं, करडीकडचे लोक डुकरांची आगाऊ ऑर्डर घेऊन येऊ लागले. एक म्हातारे पाटील तर खास बैलगाडी जुंपून आले. "सिस्टरबाई, लय नास करून राहिले डुक्कर. तुमची बंदूक आली का एक रात बसा ना माह्या बांधीवर."

"पाटील, मी कागदाले मारतो फक्त."

"कागदाले?" पाटलांना पटेना. "कागदाले मारून काय भेटते?"

"कागद मरत नाही. मून रोज रोज मारता येते."

पाटील गाडीत बसेपर्यंत मान हलवत होते. जाता जाता मला म्हणाले, "फौजी गेला तवापासून बाईचं डोस्कं..." मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. म्हटलं, "बैल सांभाळा तुमचे, माह्या पेरूच्या झाडाले खाऊन राहिले."

नागपूरच्या बंदुकीच्या दुकानाची गंमत सांगायलाच हवी. परवाना आला की रायफलीची तपासणी करून घ्यायची होती, त्याची चौकशी करायला आम्ही दोघी गेलो. दुकानदार गोड बोलणारा. "मावशी, ही जुनी जड रायफल कशाला उचलता? विकून टाका. वेगळा अर्ज करा, छोटी रिव्हॉल्वर घ्या. हे पाहा, लेडीजसाठी अगदी. पर्समध्ये मावते."

सिस्टरबाईंनी ती चकचकीत वस्तू काचेतूनच पाहिली. "माह्या पर्समधी सुपारी मावते, आन चष्मा. हे कायले लागते?"

"सेल्फ डिफेन्स, मावशी. कोणी अंगावर आलं तर."

"मंजे मानसासाठी." त्या काचेपासून मागे सरकल्या. "माह्या हातून आलेल्या मानसायले मी ह्यानं मारू का? मले कागदासाठी पायजे, बापा. रायफल तपासाचं काय घेतोस ते सांग." दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी रिव्हॉल्वरकडे पाहत होते. खरं सांगते, छान होती दिसायला.

घरी भिंतीत लोखंडी कपाट पक्कं करून घेतलं. मिस्त्री येऊन बोल्ट ठोकून गेला. रायफल आली की ती एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, किल्ल्या वेगवेगळ्या. तोवर मलाही झोप यायला लागली होती. दर आठवड्याला प्रशांतचा फोन यायचा, आणि दर आठवड्याला तो "आई, पुन्हा विचार कर" म्हणायचा. मग एके दिवशी कुरिअरनं खोकं आलं. आत कानांवर चढवायचे जाड टोपरे होते, गोळीचा आवाज अडवणारे. सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही. सिस्टरबाईंनी ते कानाला लावले आणि दिवसभर काढलेच नाहीत. मी भिंतीवरून हाका मारून थकले.

सगळे दाखले जोडून अर्ज पुन्हा गेला, आणि परवाना आला. त्यांच्या नावानं. सुलोचना गणवीर, निशाणेबाजीच्या सरावासाठी. रवी स्वतः सांगायला आला, पळत. त्या आत गेल्या, फौजीसाहेबांच्या फोटोसमोर क्षणभर उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, आणि मी मशीन थांबवलेलं होतं.

आता त्या पुण्याला असतात. प्रशांतच्या मुलीला बंदूक शिकायची आहे म्हणे, आणि प्रशांतनंच बोलावून घेतलं. फोन करतात, पण फोनवर नाडी लागत नाही, त्यामुळे बोलण्यात मजा नाही. मला त्या आठवतात त्या त्यांच्या जाण्याआधीच्या हिवाळ्यातल्या, एका रविवारच्या. परवाना आणि रायफल घरी आल्यानंतरचा पहिला रविवार. "तू चाल," म्हणाल्या, "कोनी तरी पायजे ना पायाले."

क्लबातल्या लिंबाखाली, त्या जिथे बसायच्या तिथेच, मी डबा मांडीवर घेऊन बसले. लाखोरीचे वडे मीच केले होते. समोर तिपाईवर दुर्बीण. आजूबाजूला चार-दोन निशाणेबाज, त्यांना ओळखणारे. त्या चटईवर पालथ्या पडल्या. पांढरा अंबाडा, कानांवर टोपरे, अंगात माझा कॅनव्हासचा कोट. गाल फौजीसाहेबांच्या रायफलीच्या दस्त्याला लावला. मी हात जोडले. किती जणांनी नको म्हटलं होतं, किती कागद परत आले होते. आता ही गोळी लागू दे रे बापा, एवढंच माझ्या मनात.

आवाज झाला, टाळी वाजल्यासारखा. मी दुर्बिणीला डोळा लावला. कागद कोरा. गोलात नाही, कडेला नाही, कुठेच नाही. गोळी मागच्या मातीत गेली होती.

"नवात!" मी ओरडले.

त्यांनी रायफल हलक्या हातानं चटईवर ठेवली. टोपरे काढले. उठल्या नाहीत, तशाच पडल्या पडल्या हात मागे केला. "हात दे."

मी दिला. त्यांनी मनगट धरलं.

"नाडी पळून राहिली. कागदाले लागली का?"

"नाही जी."

"मंग नवात काहून?"

"तुमाले वाईट वाटन मून." मला रडूच आलं.

त्या हसल्या. अगदी खळखळून. "येडी! मी एक खोटं बोललो असतो त ही बंदूक कवाची घरी आली असती. तवा नाही बोललो, आता नवाचं खोटं घेऊन काय करू?"

मग त्यांनी रायफल पुन्हा उचलली आणि मागच्या बाजूची ती बारीक चकती निरखत राहिल्या, जिच्या भोकातून नेम पाहतात. क्लबातले एक जुने उस्ताद जवळ येऊन म्हणाले, "बाई, ती फौजीच्या डोळ्यावर लावलेली आहे. तुमच्यासाठी फिरवावी लागेल." त्यांना ते ठाऊक होतं. पण ठाण्यातून आणल्यापासून त्यांनी ती चकती कोणालाही फिरवू दिली नव्हती, दुकानदारालासुद्धा. फौजीसाहेबांच्या बोटांनी लावलेली शेवटची गोष्ट होती ती. त्यांचं बोट चकतीवर बराच वेळ तसंच राहिलं. मला वाटलं, आता नाही फिरवायच्या. ठेवून देतील, डबा उघडतील, घरी जाऊ म्हणतील.

"तुमचा डोया तुमच्यासंग गेला, फौजी," त्या मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता माहा."

आणि चकती फिरवली. खट. खट. गोळी झाडली. कागदाच्या अगदी कोपऱ्यात भोक पडलं. पुन्हा खट. पुन्हा गोळी. मी दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. डबा कधी खाली सरकला मला कळलं नाही.

"सातात," मी म्हटलं. "सातात, सिस्टरबाई!"

त्यांनी या वेळी हात मागे केला नाही. गाल परत दस्त्याला टेकवला, आणि श्वास सोडला.